दुसरी प्रत

अक्कलकोट रोड, दुपारचे तीन.
सर्व्हरच्या खोलीत एक्केचाळीस अंश,
एसी गप्प, टेबलफॅन मशीनकडे वळवलेला,
आणि बिराजदार साहेब विचारतात,
"दोन घेतली ना मशीनं? मग अडलंय कुठं?"

अडलंय ते असं, साहेब.
विडीवाल्या बाईनं खिडकीत पन्नास रुपये भरले,
तर पहिल्यानं लगेच 'जमा' म्हणावं,
की होटगी रोडवरचं दुसरं
'मीही लिहिलं' म्हणेपर्यंत थांबावं?
थांबलं तर रांग वाढते.
नाही थांबलं आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली,
तर पावती राहील तिच्या हातात
आणि पैसे कुठंच नसतील.

येमूल म्हणतो, अर्ध्या सेकंदाचा तर प्रश्न.
हजार विड्यांना किती सेकंद लागतात
हे त्यानं घरी आईला विचारावं.

माझे वडील जकार्डचे पत्ते पाडायचे.
मोराच्या चादरीला नऊशे पत्ते, नुसती भोकं,
आणि दुसरा संच भवानी पेठेत, इट्टममामांच्या माळ्यावर,
आग लागली, उंदीर लागले तर असावा म्हणून.
एकदा एक भोक चुकलं.
रात्री जागून त्यांनी तेच भोक
इमानेइतबारे दुसऱ्या संचातही पाडलं.
दोन्ही मागांवर आंधळा मोर.
म्हणून मी एक प्रत वेगळी ठेवलीय,
मुद्दाम सहा तास मागं राहणारी.
साहेबांना ती आळशी वाटते.

"आणि मधली लाइनच तुटली तर?"
चांगलं विचारलंत.
दोघंही स्वतःला मालक समजतील,
एकाच खात्यावर दोन हस्ताक्षरं.
त्यासाठी साखर पेठेच्या शाखेतला तो जुना डबा.
तो काही लिहिणार नाही, फक्त
कुणाच्या बाजूनं, ते सांगेल.

शेवटी ठरलं :
जमा आणि उचल थांबेल.
हजेरी, नोटिसा, वाढदिवसाचे मेसेज
पुढं पळोत, मागून पोचोत.

साडेपाचला पहिल्याची वायर मीच उपटली.
खिडकीत अंबूबाई गाजूल, हात पुढं केलेला.
येमूल मोबाइलवर आकडे मोजतोय.
अकरा. पंधरा.
"काय झालं गं?"
काही नाही, मावशी, जरा थांबा.
एकोणीस.
तेवढ्यात तिनं अंगठ्याला थुंकी लावून
पाच नोटा
पुन्हा एकदा मोजल्या.