सुकताना

संगणकात खांब उभेच राहिले
चौदा रात्री, एकही कलला नाही.
सूक्ष्मदर्शकाखाली मात्र
चार-चार जण डोक्याला डोकं लावून,
जानेवारीत गोदाकाठी शेकोटीला बसावेत तसे.

सातपूरच्या प्रेसचा ठोका
चित्रात बारीक थरथरतो,
म्हणून मी दुसरी पाळी सुटल्यावरच बघते.

तांबट आळीत अण्णांना फोटो दाखवला.
केसाचा हजारावा भाग, म्हटलं.
त्यांनी हातोडी ठेवली, चष्मा पुसला.
"धुतलंस कशानं?"
"पाण्यानं."
"आणि पुसलं नाहीस?"

एवढंसं फडकं कुठून आणू, अण्णा.
पाणीच जाता जाता
त्यांना एकमेकांकडे ओढून गेलं.
माझ्या समीकरणात
ते जाणं नव्हतं.

आज पुन्हा चालवते आहे,
पाण्यासकट.