न हलण्याचे पैसे

तासाला सतरा डॉलर मिळतात मला
न हलण्याचे.
वीस मिनिटं बसायचं, पाच मिनिटं गाऊन गुंडाळून
खिडकीशी उभं राहायचं, पुन्हा बसायचं.
बत्तीस वर्षं बिअरच्या कारखान्यात बाटल्या मोजल्या,
त्यामुळे हिशेब आपोआप सुरू होतो डोक्यात,
अंगावर कपडे असोत नसोत.

आज हिटर पुन्हा बंद.
मिलवॉकीतला फेब्रुवारी, सरोवरावरून घुसणारा वारा,
खिडकीच्या फटीत कुणीतरी मागच्या वर्षीची रेखाटनं कोंबलीत.
चौदा मुलं माझ्याकडे बघतायत
आणि अधूनमधून दाराकडे.
साडेनऊचे सर, सव्वादहा झाले तरी नाहीत.
त्यांना तरी काय बोलू?
तीन गावांत तीन कॉलेजं, पगार तिन्हीकडे अर्धामुर्धा.
जेवतात गाडीत. झोपतातही बहुधा गाडीतच.
एकदा पाठीवर सीटबेल्टचा वळ घेऊन आले होते
आणि आम्हाला प्रकाश समजावून सांगत होते.

मॉडेलला कान नसतात असं मुलांना वाटतं.
ऑगस्टिन म्हणतो, लिथोचा प्रेस दोन वर्षं दुरुस्तीला गेलाय,
फी बरी कधी दुरुस्तीला जात नाही!
इलारिया म्हणते, शिकले ते सगळं फोनवर, फुकटात,
कर्ज काढलं ते या स्टुलासाठी.
स्टूल डुगडुगतं.
काझुआ श्याँग काहीच बोलत नाही.
तिच्या आईने कर्जाला जामीन म्हणून सही केली आहे,
शनिवारच्या बाजारात कांद्याची पात मांडते ती,
मी घेते कधी कधी, दोन जुड्यांवर एक वर घालते.

तर हिशेब असा:
एकेकाचे तासाला नव्वद डॉलर. मीच भागून काढले,
परवा, डावा पाय बधीर झाला तेव्हा.
नव्वद गुणिले चौदा.
त्यातले सतरा माझे, सरांचे चाळीस धरा.
उरलेले खाली दिसतात, प्रवेशद्वाराशी:
तीन मजली काच, देणगीदाराचं नाव पितळेत,
आणि कॉफीचं एक यंत्र, ज्याला शिकाऊ पोरं हातही लावत नाहीत.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
इथे कोंबडी मीच.

तेवढ्यात दार उघडलं.
सर नव्हते. निळ्या कोटातली बाई,
तिच्यामागे पुढच्या वर्षीच्या मुलांचे आईबाप,
गळ्यात नावांच्या पट्ट्या, बुटांना बर्फ.
माझ्याकडे न बघण्याची त्यांची धडपड चालू असताना
बाई म्हणाली, "आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याकडे
वैयक्तिक लक्ष दिलं जातं."

चौदा कोळसे थांबले.

मॉडेलने बोलायचं नसतं. करारात आहे, चौथं कलम.
मी ओठ फारसे हलवले नाहीत.
म्हटलं, "शिक्षक अजून यायचेत.
मागच्या मंगळवारीही आले नव्हते."

एका बापाने घड्याळ पाहिलं.
एका बाईने हिटरवर हात ठेवला,
पोळेल म्हणून बिचकत, आणि तसाच ठेवून दिला.
कुणीतरी फसकन हसलं, ऑगस्टिन असेल.
निळा कोट म्हणाला, "चला, आता गॅलरी बघू."

पुढच्या सत्राला मला बोलावलं नाही.
बोलावतील असं वाटलंही नव्हतं.

मार्चमध्ये काझुआ बाजारात भेटली, आईच्या टेबलामागे.
सोडलं कॉलेज? विचारलं नाही मी.
तिने पातीबरोबर एक गुंडाळी दिली.
घरी येऊन उघडली: फीच्या स्मरणपत्राची पाठकोरी बाजू,
त्यावर मी. थंडीने आखडलेले खांदे अगदी माझे,
पोटावरचा व्रण, हनुवटीचा हट्ट,
आरशानेही इतकं खरं कधी सांगितलं नव्हतं.

फक्त डावा गुडघा चुकलाय.
मांडीतून निघतो आणि भलतीकडेच जातो.
बोटभर खाली घे, एवढंच
कुणीतरी तिच्या मागे उभं राहून
सांगायला हवं होतं.