पाठीवरचा नेचा

मोखोत्लाँगच्या इस्पितळात
शवागाराला खिडकी एकच,
तीही डोंगराकडे.
डॉक्टर म्पोलोकेंग बोलतात,
मी रकाने भरतो.

पोलिसांनी फेल्लोला आणला तेव्हा
सगळं ठरवूनच आणला होता.
कपडे चिंध्या. एक बूट दहा पावलांवर सापडलेला.
कानातून रक्त.
आणि काल दुपारी मेंढ्यांवरून भांडण.
शेजारी रालेबित्सो बाहेर गाडीत,
घोंगडीसकट हात बांधलेला.

डॉक्टरांना घाई नसते.
सदरा उचलून त्यांनी हुंगला.
बुटात बोटं घातली:
हा आतून फाटलाय.
घामाची वाफ झाली की
तिला बाहेर पडायला वाट लागते, म्हणाल्या.
मग पट्ट्याचं बक्कल
होकायंत्राजवळ नेलं.
सुई
दचकली.

पाठ मात्र कोरी.

तेव्हा दाराशी उभ्या गुराखी पोरानं
तडा गेलेला फोन पुढे केला.
काल गारा थांबल्यावर काढलेला फोटो:
खांद्यापासून कमरेपर्यंत तांबूस नेचा,
पान न् पान उलगडलेलं,
कुणी कोरलं नाही, कुणी डागलं नाही,
रात्रीतून कातडीत जिरून गेलेलं.
का काढलास, डॉक्टरांनी विचारलं.
छान दिसत होतं, पोरगा म्हणाला,
आणि मग त्याला रडू आलं.

रालेबित्सोचे हात सोडले.
तो घरी गेला नाही.
मनगटं चोळत पायरीवर बसून राहिला.

आई दुपारी घोड्यावरून आली.
आम्ही सांगितलं, वीज.
वीज ते कळलं, ती म्हणाली.
पाठवली कुणी?

डॉक्टर चष्मा पुसत राहिल्या.
माझ्यासमोरच्या कागदावर चौकटी चारच:
नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, खून.
मी दुसरीत खूण केली,
शाई जरा पसरली.

पायाळू होता माझा, ती म्हणाली.
पायच आधी आले जगात.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं
मला सुचलं नाही.

जाताना पायरीपाशी थबकली.
रालेबित्सो उठून उभा राहिला.
कुणीच काही बोललं नाही. घोडा तेवढा फुरफुरला.

फाटका बूट तिनं घोंगडीत गुंडाळून नेला.
धड असलेला विसरली.
अजून आहे माझ्या टेबलाखाली,
नाडी बांधलेली,
त्यानंच बांधलेली.