विरजण

ग्युम्रीत जानेवारीत स्क्रूड्रायव्हरसुद्धा बोटाला चावतो.
वाराझदात आला तो कॉम्प्युटर घोंगडीत गुंडाळून,
तापानं फणफणलेलं पोर आणावं तसा.
"शोघेर, हा उठतच नाही गं."

थडग्यांचे दगड कोरतो तो.
हल्ली हातानं नाही, मशीन कोरतं,
आणि कुठलं अक्षर कुठे, ते मशीनला हा डबा सांगतो.
परवा वीज गेली, आली, पुन्हा गेली.
तेव्हापासून काळा पडदा, त्यावर एकच पांढरी ओळ:
अमुक फाइल सापडत नाही.

मी तपासणीचा हुकूम दिला.
अकरा टक्के. तीस.
बासष्टवर जी अडली ती अडलीच,
चढावर खेचर बसावं तशी.
हीटरशी हात शेकत वाराझदात म्हणाला,
"एवढंच ना? नवी लिही."

लिहिता येत नाही, दादा.
मुळात कुणी लिहिली, कुठल्या गावात बसून,
तो माणूस आता असतो की नसतो,
कुणास ठाऊक.
ती मागून आणायची असते
त्याच जातीच्या, त्याच वयाच्या दुसऱ्या मशीनकडून.

"म्हणजे विरजण," तो म्हणाला.

म्हणजे विरजणच.
आमच्या आळीत मात्सून असंच लागतं,
शेजारच्या बरणीतल्या दोन चमच्यांवर,
आणि तिच्या बरणीत तिच्या शेजारणीचं.
सगळ्यात पहिलं दही कुणाचं, कुणी विचारत नाही.
फक्त दिवेलागणीनंतर मागू नये, आई म्हणायची.

मी मागितलं दिवेलागणीनंतरच.
सात नंबरच्या शाळेत सिरवार्दबाईंनी कुलूप काढलं,
प्लास्टिकखाली पाच मशीनं, चार बंद.
पाचव्यातून फाइल घेतली,
पेनड्राइव्ह हातमोज्यात, मूठ घट्ट,
बर्फातून घरी.

पहिल्यांदा: आवृत्ती जुळत नाही.
वाराझदातच्या तोंडावर पडलं
ते दुसरंच विरजण.
पुन्हा शाळा. पुन्हा कुलूप. बाई आता झोपेच्या गाऊनवर कोट घालून.
"बाळांनो, सकाळ कशाला केली आहे देवानं?"

रात्री एकला पंखा घरघरला.
निळा उजेड. मग त्याची चित्रं,
द्राक्षवेली, क्रूस, एक अर्धवट मोटारसायकल
(गिऱ्हाइकानं मागितलेली),
आणि कोपऱ्यात तारीख:
एक जानेवारी, दोन हजार दोन.

"आतली बॅटरी मेलीय," मी म्हटलं, "वर्ष चुकलंय. नीट करते."
ज्याचं पोट तारखांवर चालतं
तो माणूस त्या तारखेकडे
बराच वेळ बघत राहिला.
दोन हजार दोनमध्ये त्याच्या घरी किती ताटं वाढली जायची
मला माहीत आहे. मी बोलले नाही.
"आजची रात्र असू दे," म्हणाला.
घोंगडी घेऊन गेला. मशीन चालूच राहिलं.

सकाळी आठला फोन.
"शोघेर, वर्ष बदल बाई,
तीन दगड द्यायचेत शुक्रवारी.
आणि बायकोनं बरणी पाठवलीय.
सगळं संपवू नकोस,
तळाशी दोन चमचे ठेव."