डावं-उजवं

प्रोजेक्टर लेमुय बेटावर आला शेवटच्या फेरीबोटीने,
लोकरीच्या घोंगडीत गुंडाळून.
सोबत माहितीपुस्तक, त्यात अकरा भाषा,
नेमकी स्पॅनिशचीच पानं फाटलेली.

"पोरी, तू वीज कंपनीत असतेस ना?"
असते. मीटर वाचते.
पण तेवढ्यात एलिएसेरने आपला व्हीसीआर
तान्हं मूल आणावं तसा दोन्ही हातांवर आणला
आणि सगळे माझ्याकडे बघत बसले.

मागच्या बाजूला भोकंच भोकं.
एक पंधरा टाचण्यांचं, तीन आधीच वाकलेल्या.
मला हवी होती तीनच:
पिवळं चित्राचं,
पांढरं डाव्या आवाजाचं,
लाल उजव्या.
लाल पिन समुद्राच्या हवेनं खाल्लेली,
बोट लावताच गळून हातात आली.
पिवळी चुकून पांढऱ्यात गेली तेव्हा
बाल्दोमेरोच्या अॅम्प्लिफायरमधून
असा भोंगा उठला, की
मिलकाओ तळणारी बाई झारा घेऊनच धावत आली.

मग निळा पडदा. बराच वेळ निळा.
मग चित्र आलं, उलटं.
घर छपरावर उभं, बैल आभाळातून चालतायत.
"चांगलं दिसतंय, राहू दे," मागून कुणीतरी म्हणालं.

त्र्याण्णव सालची मिंगा.
अख्खं गाव मिळून एक घर ओढतं,
खाली ओंडके, पुढे चौदा जोड्या बैल,
मोल म्हणून पोटभर जेवण आणि वाइन.
आम्ही बसलो होतो ते हेच घर.
त्याच्याच भिंतीवर चादर टांगून
त्यालाच टेकडी उतरताना बघत होतो.

आवाज एकाच बाजूचा. पांढरी पिन, डावा कान.
डावीकडे निकानोर, तेव्हाचा, मिशा काळ्या,
बैलांना, माणसांना, देवाला हुकूम सोडत.
उजवीकडे उर्सुलिना, त्याची बायको,
हात हलवत काहीतरी सांगतेय,
ओठ हलतायत, आवाज नाही.
तिला जाऊन चार हिवाळे झाले.
"काय म्हणतेय ती?" पुढच्या रांगेतल्या पोराने विचारलं.
निकानोर म्हणाला, "मला काय ठाऊक? मी पुढे होतो."

टेप संपली. लोक उठायला लागले.
मी विचार केला, वायर एकच आहे,
पण भोकं तर दोन आहेत.
पांढरी पिन उपसली आणि लाल भोकात खुपसली,
रंग जुळत नव्हता, विजेला त्याचं काय.
टेप मागे फिरवली. घर चढण चढत मागे गेलं,
बैल उलट्या पावली.

दुसऱ्यांदा निकानोर मुका.
तोंड उघडतंय, मिटतंय, मासा जसा.
आणि उजवीकडून, खरखरीतून,
स्वयंपाकघरातून हाक मारावी इतकी जवळून:

"अरे पायरी! पायरी राहिली मागे!
निकानोर! दाराची पायरी!
कुणीतरी सांगा त्या बहिऱ्याला!"

आधी कुणी हसलं नाही.
मग एकदम सगळे हसले,
कारण तीस वर्षं या दारातून
आम्ही प्रत्येकजण उडी मारून उतरतो.
पाद्रीबाबा एकदा पडले होते. जनगणनेवाला दोनदा.
आणि निकानोर दर वेळी हेच सांगायचा,
की पायरीचं मला कुणी बोललंच नाही.

तो हसला नाही. टोपी मांडीवर ठेवून
केबलच्या त्या एका वायरीकडे बघत राहिला.
मी विचारलं, "पुन्हा डावीकडे लावू का?"
"नको," तो म्हणाला. "माझं ऐकलंय सगळ्यांनी."

तिसऱ्यांदा लावली ती फक्त त्याच्यासाठी.
बाकीचे निघाले, कंदील घेऊन,
दारातून एकेक धप्प, धप्प, अंधारात.
मी वायर गुंडाळत होते, तेव्हा तो दाराशी गेला,
उंबऱ्यावर थांबला,
एक पाय पुढे करून
खाली, हवेत, चाचपत राहिला.