सतराचा हिशेब

बिडवे साहेब,
लॉगबुकात तुम्ही लाल पेनानं गोल काढला,
बाजूला लिहिलं : "अॅव्हरेज सतरा पाहिजे. तेरा का?"
कारणाचा रकाना दोन बोटं रुंद.
म्हणून हा पाठकोरा कागद.

लातूर सोडलं की औशापर्यंत गाडी
नुसती सोडून द्यायची.
लशीच्या पेट्या मागं गपगार,
काटा साठावर, पाचवा गिअर,
इंजिन इतकं हळू बोलतं
की टायरचं ऐकू येतं.
इथं ती वीस देते. खोटं कशाला बोलू.

लामजन्याच्या पुढं काळी जमीन.
पावसात फुगते, उन्हात भेगाळते,
वरचं डांबर म्हणजे तिच्या अंगावरची वाकळ,
ती कूस बदलंल तसं वर-खाली.
दुसरा, तिसरा, दुसरा, ब्रेक.
ब्रेक म्हणजे काय साहेब,
आत्ताच जाळलेलं डिझेल
पायाखाली दाबून वाऱ्यावर सोडणं.

त्यात गाळप चालू.
पुढं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या,
मागची एका अंगाला कललेली,
टेप एवढा मोठा
की माझा हॉर्न त्याला त्यातलाच ताल वाटायलाय.
नऊ किलोमीटर मी त्याच्या मागं.
गळलेला ऊस उचलायला दोन पोरी मधेच पळतात.
मी थांबतो. पुन्हा पहिला गिअर.
पहिल्या गिअरला तहान फार.

बर्फाला वाट बघायला शिकवता येत नाही,
म्हणून रस्ता मोकळा झाला की ऐंशी मारतो.
ऐंशीला ती साठापेक्षा जास्त पिते.
माहीत असून मारतो.

किल्लारीपासून कासारशिरशीपर्यंत
गतिरोधक चौतीस.
पस्तिसावा परवा रात्रीतून झाला.
पट्टा नाही, पाटी नाही,
डोकं आपटलं तेव्हा कळलं.

एक विचारू? राग नका मानू.
तुमची स्कूटी शोरूमवाल्यानं पंचावन्न सांगून दिली.
गंजगोलाईतून रोज येता तुम्ही,
सोळा रस्ते तिथं, सोळाही रस्त्यांनी माणूस,
हातगाडे, रिक्षा, मधे बसलेली गाय.
पंपावर तुम्हीच म्हणालात,
"अडतीसच द्यायली, सर्व्हिसिंग करावी लागंल."
करून बघा.
गोलाईची सर्व्हिसिंग होत नाही.

आता खरं सांगतो.
मागच्या सालापर्यंत मी सतराच लिहायचो.
मुरूडची फेरी वीस यायची, सतरा लिहायची,
उरलेलं किल्लारीच्या नावानं जमा.
किल्लारीची तेरा यायची, तीही सतरा.
चांगला रस्ता वाईट रस्त्याला
महिन्याकाठी उसनं द्यायचा,
आधीचे साहेब सही करायचे.
जानेवारीत मुरूडची फेरी
तुम्ही नव्या पोराला दिली.
त्याचं अॅव्हरेज बघा म्हणता.
पोरगं चांगलंय.
रस्ता त्याच्याहून चांगलाय.
माझ्याकडं उसनं मागायला
आता एकही धड रस्ता राहिला नाही.

अकरा वर्षं ही गाडी चालवतो.
वीस भेटलाय, तेरा भेटलाय,
एकदा चिखलात आठसुद्धा.
सतरा मात्र मला
कोणत्याच रस्त्यावर दिसला नाही.
तुमच्या टेबलावरच राहतो तो.

कळावे,
चाँदपाशा गवंडी, चालक

ता. क. : पस्तिसाव्यावर एक पेटी हलली होती.
उघडून बघितली. लस शाबूत आहे.