गाडी लेट आहे

पान सहा, खालचा कोपरा,
कापसाच्या भावाला खेटून चार चौकटी.
मुंजाभाऊच्या सलूनात पेपर येतो एक
आणि सात वाजेपर्यंत त्याचे होतात चार तुकडे, चार मालक.
सहावं पान सगळ्यांचं.
त्यावर फेसाचे वाळलेले ठिपके.

एकतीस वर्षं झाली,
चित्रातला सदू फाटक पाडतोय
शाळेच्या रस्त्यावर तिची सायकल दिसली की.
ती थांबते. तो म्हणतो, ‘गाडी लेट आहे.’
कधी छत्री, कधी ऊन, कधी निवडणुकीचा भोंगा,
तिसऱ्या चौकटीत एक बकरी उगाच.
चौथीत फाटक वर.
बस, एवढंच.

बोरीकर सर म्हणतात, हे मानवत.
ती जिनिंगची चिमणी बघा, वरून फुटलेली.
दस्तगीर चाचा कात्रीखालून मान काढून,
‘क्या बात करते सर, हमारी चिमणी है वो.
सत्तावीस साल उस मशीन को तेल दिया मैंने.
सेलू है, सेलू.’
लिंबाजी कंपाउंडर परभणीचा, त्याला पाण्याची टाकी ओळखीची वाटते.
नदी नाही, म्हणून गंगाखेड आपोआप बाद.
मी बाजार समितीच्या फळ्यावर भाव लिहिणारा माणूस,
मला मागं तो बारका फळा दिसतो.
एकतीस वर्षं एकच भाव,
चितारणाऱ्यानं कधी पुसलाच नाही.

आपलं फाटक तर गेलं.
तिथं आता भुयारी रस्ता, त्यात गुडघाभर पाणी,
पाण्यात परवा सरांची लूना.

पण भांडण खरं वेगळंच.
तिला कळलंय का?
लिंबाजी म्हणतो, कशाचं कळतंय,
बिचारी रोज उशिरा पोचायली शाळेत,
मस्टरवर लाल शाई पडत असंल.
सर म्हणतात, सदू भित्रा.
मुंजाभाऊ पट्ट्यावर वस्तरा घासत,
‘लगीन लावलं की चित्र संपलं, सर.
काढणाऱ्याला बी पोट हाय.’

प्रयागबाई गिरणीतून सुट्टे मागायला आली होती,
भुवयांवर ज्वारीचं पीठ.
सरांच्या हातातलं पान तिनं समोरून उलटंच वाचलं.
म्हणली,
‘आवो, फाटक पडल्यावर आपण काय करताव?
वाकून जाताव की खालून.
सायकल तिरपी करायची, पदर धरायचा, गेलं.
पोरं जातेत, म्हातारे जातेत, शेरडं जातेत.
ही कामून वाकंना?’

वस्तरा थांबला.
माझ्या अर्ध्या गालावरचा फेस तसाच वाळला.
ती सुट्टे मोजून घेऊन गेली,
उंबऱ्यावर पिठाचं एक पाऊल.

पोळ्याच्या आधल्या आठवड्यात ते आलं.
पहिल्या चौकटीत फाटक वर. सदू नाही.
दुसरीत ती, लांबून.
तिसरीत सायकलवरून उतरलेली.
चौथीत तशीच उभी, उघड्या फाटकासमोर.
बकरीसुद्धा नाही.
अक्षर एक नाही.

लिंबाजी म्हणाला, छापायचं राहिलं असंल काहीतरी.
सर म्हणाले, रिटायर झाला असेल.
कोण, हे कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तीच जागा,
वर बारीक अक्षरात, ‘पहिल्यापासून’.
रेषा जाड, हात नवखा.
टाकी अजून बांधलेली नाही.
चिमणी धडधाकट, धूर सोडणारी;
चाचांनी तिच्यावर बोट ठेवलं
आणि बराच वेळ काढलं नाही.
सदूला नुसतं मिसरूड. तिची वेणी कमरेखाली.
फळा कोरा.

सोहेल, मुंजाभाऊकडं नवा लागलेला, सोळाचा,
काखेत झाडू धरून पानावर वाकला.
‘ये कौन है? आगे क्या होता?’

आम्ही आरशातून एकमेकांकडं बघितलं.
सरांनी घसा खाकरला, बोलले काहीच नाहीत.
चाचांनी बाकावर जरा सरकून जागा केली.
‘गाडी लेट है, बेटा. बैठ.’
मुंजाभाऊनं ब्रश पाण्यात बुडवला
आणि विचारलं, आज सोयाबीन काय निघालं.